कासव कुणाचं, दगड कुणी घासायचे?

टीव्हीच्या शेजारी काचेची पेटी, पेटीत वीतभर पाणी, निळे-पिवळे दगड, प्लॅस्टिकचं एक नारळाचं झाड, एक छोटासा किल्ला आणि त्या किल्ल्यावर मान ताणून बसलेलं हिरवं कासव. हल्ली बऱ्याच घरांत हे दृश्य दिसतं. कुणाकडे ते मुलाच्या वाढदिवसाला आलेलं असतं, कुणाकडे परीक्षेत चांगले मार्क पडले म्हणून, तर कुणाकडे चक्क वास्तुदोष घालवायला. उत्तरेला कासव ठेवलं की घरात पैसा टिकतो म्हणे! आपल्या शंकराच्या देवळात सभामंडपाच्या फरशीवर दगडी कासव असतं, त्याला नमस्कार करून आपण पुढे जातो. त्या कासवाचं एक बरं आहे, त्याची टाकी धुवावी लागत नाही.

घरातल्या जिवंत कासवाची मात्र धुवावी लागते, आणि जन्मभर धुवावी लागते. पहिले तीन आठवडे सगळं घर त्या पेटीभोवती गोळा होतं. दाणे कुणी टाकायचे यावरून भांडणं होतात. मग दगडांवर शेवाळ धरतं, किल्ल्याला बुळबुळीत थर येतो आणि बाहेरच्या खोलीतून हाक येते, "आई, टाकीला वास येतोय गं!" त्या हाकेचा अर्थ "मी धुतो" असा नसतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग आई धुते. आईला वेळ नसेल तर कामवाल्या मावशी धुतात. कासव आणणारा एक, त्याच्याशी खेळणारा दुसरा आणि दगड घासणारी तिसरी, अशी ही वाटणी. माझं म्हणणं इतकंच, की ज्या कामात जंतू आहेत, ॲसिड आहे आणि बंद बाथरूम आहे, ते काम असं न बोलता, न सांगता कुणाच्याही गळ्यात पडता कामा नये.

मी सव्वीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि आमच्या घरी २०११ पासून कासव आहे. मुलगा आठवीत असताना आलं. तेव्हा ते तळहातावर मावायचं. मुलगा शिकला, नोकरीला लागला, बेंगळुरूला गेला. कासव राहिलं. आता ते नाश्त्याच्या डिशएवढं झालंय आणि मला बघून पाण्यात हातपाय मारतं, प्रेमाने नव्हे, भुकेने. तेव्हा इथे जे लिहितेय त्यातलं अर्धं पुस्तकातलं आहे आणि अर्धं मोरीतलं.

ही दुकानात मिळणारी, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली कासवं म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. मूळची अमेरिकेतली, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. दुकानदार सांगतो, "मॅडम, एवढंच राहतं, वाढत नाही." साफ खोटं! नीट सांभाळलं तर मादी फूटभराच्या आसपास वाढते आणि ही कासवं वीस-तीस वर्षं जगतात. म्हणजे पहिलीतल्या मुलासाठी आणलेलं कासव त्याच्या लग्नाला हजर असतं. आपल्या इथल्या कासवांची गोष्ट वेगळी. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव किंवा आपल्या तळ्या-विहिरीतली कासवं घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग कुणी कितीही 'लकी' म्हणून भेट दिलेलं असो. ते घरी असेल तर टाकी कशी धुवायची हा प्रश्नच येत नाही, सरळ वनखात्याला कळवायचं.

आता मुळात धुवायचं कशासाठी? वास जावा म्हणून, असं बहुतेकींना वाटतं. ते खरं कारण नव्हे. कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू सुखाने राहतात. कासवाला त्यांचा काही त्रास नसतो, ते अगदी टुणटुणीत दिसतं. विष्ठेतून हे जंतू पाण्यात येतात, आणि पाण्यातलं कासव त्याच पाण्यात खातं, पितं आणि घाणही करतं. म्हणजे दगड, किल्ला, झाड, काच, कासवाची पाठ, सगळीकडे ते आहेत असंच धरून चालायचं. टायफॉइडचा जंतू याच कुळातला, पण टायफॉइड कासवामुळे होत नाही, तो माणसाकडून माणसाकडे जातो. कासवाकडून येतात ते जुलाब, ताप, पोटात कळा. धडधाकट माणसाचं चार-सहा दिवसांत निभावतं. पण पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, घरातली म्हातारी माणसं आणि आजारपणामुळे किंवा औषधांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालीय अशांच्या बाबतीत हेच जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतू शकतं.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात हे फार झालं. मुलं ती नाण्याएवढी कासवं हातात घ्यायची, तोंडात घालायची. शेवटी १९७५ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांची विक्रीच बंद केली. त्यामुळे दरवर्षी लाखभर मुलांचा संसर्ग टळतो, असा त्यांचा अंदाज आहे. चार इंचच का? तर त्याहून मोठं कासव लहान मुलाच्या तोंडात जात नाही! इतका साधा हिशेब. आणि आपण अजूनही "कित्ती गोड, एवढुस्सं" म्हणून नेमकी तीच एवढुशी कासवं विकत घेतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर कासव आणूच नये, असं तिथले आरोग्यवाले स्पष्ट सांगतात. मीही तेच सांगेन. मूल मोठं होऊ द्या, कासवाला कुठे घाई असते?

कासवालाच साबणाने घासून हे जंतू जात नाहीत, कारण ते त्याच्या पोटात आहेत. उगाच त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांची आग होते. जे आपल्या हातात आहे ते म्हणजे टाकी आणि टाकीतल्या वस्तू. आणि इथेच आपली खरी गडबड होते.

आपल्याकडे स्वच्छता नाकाने मोजतात. फिनेलचा वास आला की जिना धुतला, डेटॉलचा वास आला की दवाखाना स्वच्छ! जितकं उग्र तितकं शुद्ध, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की कासवाच्या दगडांवरही आपण तेच ओततो. काळं फिनेल हे डांबरापासून निघणाऱ्या फिनॉलसारख्या द्रव्यांचं बनलेलं. पांढऱ्या फिनेलमध्ये पाइनचं तेल. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉलही त्याच फिनॉलच्या गोतावळ्यातलं. ही द्रव्यं आपल्या फरशीला ठीक आहेत, पण सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरतात. शिवाय ती सच्छिद्र दगडात, लाकडात, प्लॅस्टिकात मुरतात आणि मग हळूहळू पाण्यात उतरत राहतात. दगड तुम्ही दहा वेळा धुतलात तरी वास जात नाही, म्हणजेच द्रव्य गेलेलं नाही. कासव त्याच पाण्यात चोवीस तास असतं, तेच पितं. काही दिवसांनी खाणं सोडतं, डोळे मिटून बसतं आणि आपण म्हणतो, "थंडी बाधली वाटतं." हेच इग्वाना नि इतर सरड्यांच्या पेट्यांनाही लागू. त्यांचीही हौस हल्ली काही घरांत सुरू झालीय.

फिनेलने कासवाला त्रास होतो. पण दुसरी एक गोष्ट आहे, तिने बाईला त्रास होतो, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते.

आमच्याच बिल्डिंगमधली गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात कासवाच्या दगडांवर पांढरा खरखरीत थर बसला होता. बोअरिंगच्या पाण्याचा क्षार तो, बादल्यांवर बसतो तसाच. घरच्या बाईंना ऑफिसला जायची घाई. मावशींना सांगितलं, "जरा घासून ठेवा, चकाचक झाले पाहिजेत." मावशींनी त्यांच्या हिशेबाने चोख काम केलं. क्षार जावा म्हणून टॉयलेटचं ॲसिड ओतलं, आणि जंतू मरावेत म्हणून वर ब्लीच. पाणी बाहेर उडू नये म्हणून बाथरूमचं दार लावून, उकिडवं बसून घासायला घेतलं. दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी, घशात आग, खोकल्याची उबळ. नशीब, की दार उघडून बाहेर पळायचं भान राहिलं. जिन्यात बसल्या होत्या, छाती धरून. डॉक्टरांकडे नेलं, वाफ दिली, ऑक्सिजन दिला. चार दिवस कुठेच कामाला जाता आलं नाही, आणि चार घरांपैकी दोन घरांनी ते दिवस कापले.

झालं काय? ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. टॉयलेटच्या ॲसिडमध्ये असतं हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. हाच तो वायू, जो पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. खंदकांवर सोडायचं कारण ठाऊक आहे? क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो, खोलगट जागेत साठतो. आता आपली बाथरूम डोळ्यांसमोर आणा. चार बाय सहाची, दार बंद, वर एवढासा झरोका, आणि खाली जमिनीलगत उकिडवी बसलेली बाई. वायू जिथे साठतो तिथेच तिचं नाक. वर्गात मी हा धडा वर्षानुवर्षं शिकवला. पोरांना क्लोरीनचे गुणधर्म पाठ असायचे, 'हिरवट पिवळा, उग्र वासाचा, हवेपेक्षा जड'. पण घरात बाटल्या ओतणाऱ्या बाईला ते कुणी सांगितलेलं नसतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं खरं, पण किती जणींना ते वाचता येतं? आणि वाचता येतं त्यांच्यापैकी कितीजणी चष्मा लावून बाटली वाचतात?

कधी असं झालंच तर तिथे थांबून वर पाणी-बिणी ओतत बसू नये. आधी बाहेर पडावं, मोकळ्या हवेत. दारं-खिडक्या उघडून ती खोली तशीच सोडावी. डोळ्यांची आग होत असेल तर भरपूर साध्या पाण्याने धुवावेत. खोकला किंवा दम थांबला नाही तर डॉक्टरकडे जावंच, कारण फुप्फुसाला आलेली सूज कधी कधी काही तासांनी दिसते. "आता बरं वाटतंय, जाते पुढच्या कामाला" असं मावशी म्हणाल्या तरी त्यांना जाऊ देऊ नये.

म्हणून ब्लीच वाईट का? मुळीच नाही. मी तर म्हणेन, कासवाच्या टाकीसाठी घरातल्या सगळ्या बाटल्यांमध्ये तेच सगळ्यात शहाणं. हे क्लोरीनचं कूळच मोठं उपकारी आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने बाळंतिणींना तपासण्याआधी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. आपल्याकडे गावोगावच्या विहिरीत पावसाळ्यात जी टीसीएल पावडर टाकतात तीही याच घराण्यातली. ब्लीचचा मोठा गुण असा, की काम झालं की ते टिकून राहत नाही. भरपूर पाणी, वारा आणि ऊन मिळालं की निघून जातं, फिनेलसारखं मुरून बसत नाही. फक्त ते एकट्याने वापरायचं. त्याच्या जोडीला ना ॲसिड, ना व्हिनेगर, ना अमोनियावालं काचेचं क्लीनर.

मी कसं करते ते सांगते. कासवाला आधी वेगळ्या टबात काढून ठेवायचं. टाकीतल्या वस्तू बाहेर काढून नुसत्या पाण्याने आणि ब्रशने खसाखसा घासायच्या, चिकट थर पूर्ण जाईपर्यंत. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे गाळतात, आणि तिथेच चुकतं. एक तर घाणीवर ब्लीच ओतलं तर ते घाणीशीच लढून संपतं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. दुसरं म्हणजे पाण्यातल्या कासवाच्या मूत्रात अमोनिया असतो. त्या घाण पाण्यात ब्लीच पडलं तर क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात, तेही छातीला वाईटच. म्हणून आधी घासायचं, धुवायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं. मग प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर गार पाण्याला साधारण तीस मिली, म्हणजे दोन मोठे चमचे, साधं, बिनवासाचं ब्लीच. त्यात वस्तू दहा मिनिटं पूर्ण बुडवून ठेवायच्या. पाणी गारच हवं. गरम पाण्यात ब्लीच लवकर उडतं आणि नाकातही जातं. स्टीलचं पातेलं वापरू नये, त्याला बारीक खड्डे पडतात. हातात रबरी मोजे, खिडकी उघडी. गॅलरी असेल तर गॅलरीच उत्तम.

दहा मिनिटांनी बाहेर काढून तीन-चार पाण्यांतून खळबळून घ्यायचं आणि कडकडीत उन्हात वाळवायचं. उन्हाने उरलंसुरलं ब्लीच मोडतं. वाळल्यावर नाकाशी धरून बघायचं. इथे मात्र नाक उपयोगी पडतं! जराही वास आला तर पुन्हा धुवायचं, पुन्हा वाळवायचं. माशांच्या दुकानात अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात, शेवटच्या पाण्यात ते टाकले तर आणखी खात्री. आणि हो, ब्लीचची बाटली वर्षभर मोरीच्या खिडकीत उन्हात पडली असेल तर तिच्यात दम उरलेला नसतो. विकत घेताना तारीख बघून घ्या, आणि ठेवताना अंधाऱ्या, थंड जागी, पोरांचा हात पोचणार नाही अशी ठेवा.

सगळ्या वस्तूंना एकच न्याय लावून चालत नाही. गुळगुळीत दगड, प्लॅस्टिकची झाडं, काच यांना ब्लीच चालतं. लाकडाचा ओंडका असेल तर तो ब्लीच पिऊन घेतो, त्याला उकळतं पाणी बरं. तो मऊ पडला, कुजला, काळा झाला तर सरळ फेकून द्यावा. रंगवलेले किल्ले, चमकी लावलेले दगड हे प्रकार मला मुळातच पटत नाहीत. दोन धुण्यांत रंगाचे पोपडे निघतात आणि कासव ते खातं. शंख-शिंपले आणि संगमरवराचे तुकडे आम्लात विरघळतात, त्यांना व्हिनेगर लावलंत तर फसफसून येईल. फिल्टरमधला स्पंज मात्र ब्लीचमध्ये बुडवू नये. त्यात जे चांगले जीवाणू वाढलेले असतात तेच पाण्यातला अमोनिया पचवतात. तो टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यायचा, बस. हे सगळं ब्लीचप्रकरण दर आठवड्यालाही लागत नाही. आठवड्याला थोडं पाणी बदलणं आणि घासणं, महिन्यातून एकदा ब्लीच, कासव आजारी असेल तर जास्त वेळा, असं माझं चालतं. टाकीत नवं पाणी भरताना ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेलं असावं, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही निघून जातं.

"पण आम्ही केमिकल वापरत नाही, आम्ही नैसर्गिक वापरतो," असं म्हणणाऱ्या मैत्रिणी हल्ली बऱ्याच भेटतात. म्हणजे व्हिनेगर, लिंबू, खायचा सोडा. यातलं व्हिनेगर क्षाराला उत्तम. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दगडांना खरं तर कपभर व्हिनेगर आणि अर्धा तास धीर एवढंच हवं होतं. सोड्याने घासायला सोपं जातं. पण साल्मोनेला मारण्यासाठी व्हिनेगरवर भरवसा ठेवता येत नाही. आणि व्हिनेगर हेही आम्लच आहे, नैसर्गिक असलं म्हणून ब्लीचशी त्याचं वैर संपत नाही. ते लावलं तर पूर्ण धुऊन काढायचं, आणि ब्लीच त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी. नैसर्गिकच हवं असेल तर आपल्या आजीचा उपाय आहे की, उकळणं! दगड गार पाण्यात घालून मग गॅस पेटवायचा, उकळी फुटल्यावर दहा मिनिटं ठेवायचं, आणि पाण्यातच निवू द्यायचं. दगड थेट आचेवर किंवा ओव्हनमध्ये तापवू नयेत. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड फुटतो, नदीतून आणलेला तर हमखास. आणि पातेलं वेगळं हवं. ज्यात दूध तापवतो, त्यात कासवाचे दगड नाही!

पातेल्यावरून आठवलं. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये टाकीची वस्तू धुणं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. सिंक सोयीचं असतं, कमरेएवढं असतं, नळ असतो, सगळं खरं. पण त्याच सिंकमध्ये थोड्या वेळाने कोशिंबिरीच्या काकड्या धुतल्या जातात, बाळाची दुधाची बाटली धुतली जाते. बाळाने कासवाला बोटही लावलेलं नसतं आणि तरी जंतू त्याच्या पोटात जातो. टाकीचं पाणीही तिथे ओतू नये, ते संडासात ओतावं. बादली, ब्रश, मोजे फक्त कासवाचे. आमच्या बादलीवर मी रंगाने मोठ्ठं 'कासव' लिहून ठेवलंय. पाहुणे हसतात, हसू देत. काम झालं की हात साबणाने चोळून धुवायचे, आणि ती मोरी किंवा बाथरूमही धुऊन घ्यायचं.

आता हे सगळं वाचून तुमच्या लक्षात आलं असेल, की हे दहा मिनिटांचं 'जरा घासून ठेवा' प्रकरण नाही. चांगला तासाभराचा, डोकं लावून करायचा उद्योग आहे. मग तो झाडू-पोछा-भांडी यांच्या पगारात फुकट कसा बसतो? मावशींकडून करून घ्यायचा असेल तर त्याचे पैसे वेगळे द्या, मोजे द्या, आणि हो, काय कशात मिसळायचं नाही ते नीट समजावून सांगा. वाचता येत नसेल तर ॲसिडच्या बाटलीला लाल चिंधी बांधा, ब्लीचच्या बाटलीला निळी, आणि दोन्ही एका कपाटात ठेवू नका. त्या म्हणाल्या, "ताई, कासवाचं मी नाही करणार," तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्या घरीही लहान मूल असू शकतं, म्हातारी सासू असू शकते. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी ते काम सोडलं तेव्हा "एवढंसं तर काम, नखरे बघा" असं लिफ्टमध्ये मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. चार दिवस खोकणाऱ्या बाईला नखरे म्हणायचं?

"मुलाला जबाबदारी कळावी म्हणून आणलं" हे आणखी एक वाक्य. जबाबदारी कळावी हे उत्तमच. पण आठ वर्षांच्या मुलाच्या हातात ब्लीच देता येत नाही. त्याने फार तर दाणे टाकावेत, पाणी मोजावं, दगड उन्हात मांडावेत आणि नंतर हात धुवावेत. उरलेलं मोठ्या माणसाचं काम. आणि घरात मोठं माणूस एकच नसतं! दुकानात जाऊन "घे रे बाळा, तुला आवडलं ना" म्हणत पैसे मोजणारे बाबा रविवारी सकाळी तासभर गॅलरीत बादली घेऊन बसू शकतात. गाडी धुतात की नाही? फोमने, शॅम्पूने, मागचं-पुढचं चाक बघत दीड दीड तास धुतात. काचेची पेटी त्याहून लहान आहे.

नाहीच जमलं, कंटाळा आला, तर शेवटी लोक काय करतात? रात्री गुपचूप जवळच्या तळ्यात सोडून येतात, आणि वर पुण्य केल्यासारखं वाटतं. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत हे लाल पट्ट्याचं कासव आहे. आपल्या तळ्यातल्या कासवांचं खाणं, उन्हात बसायची जागा सगळं ते बळकावतं. तेव्हा तळं नको. दुसरं कुणी सांभाळणारं शोधा, प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला विचारा.

आमच्याकडचं काही मी कुणाला देणार नाहीये, सवय झालीय त्याची. या दिवाळीला मुलगा चार दिवस येणार आहे. ब्लीचची नवी बाटली येताना त्यालाच आणायला सांगितलीय, तारीख बघून. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरी, बादली आणि मोजे त्याच्यासाठी राखून ठेवलेत. भाऊबीज त्यानंतर.